चाळीसच्या वर नाही

“किती आहे?” मी विचारलं.

“थांब जरा, काडी पेटवतोय,” आमचे हे म्हणाले.

गाडी विट्याच्या बाहेर, मोकळ्या रस्त्याला चालली होती. नुकताच अंधार पडला होता. मी स्टिअरिंग दोन्ही हातांनी आवळून धरलं होतं आणि माझा नवरा, संपत, शेजारच्या सीटवरून माझ्या मांडीवर ओणवा होऊन काडी ओढत होता. काडी पेटली. ती त्यांनी स्पीडच्या काट्याजवळ नेली, तेवढ्यात खड्डा आला आणि ती विझली.

“दिसलं?”

“तीस होतं. नाहीतर पन्नास.”

“अहो, तिसात आणि पन्नासात काही फरक आहे की नाही?”

“मागचं शून्य दिसलं मला. पुढचा आकडा बघेपर्यंत विझली. दुसरी ओढू?”

दुसरी काडी पेटली ती त्यांच्या मिशीपाशी. चर्र आवाज आला, वास सुटला आणि हे ओरडले. मी दचकून ब्रेक दाबला. गाडी बाभळीच्या बुंध्याशी जाऊन थांबली. तिथं बसलेलं एक कुत्रं उठलं, आमच्याकडे बघितलं आणि दुसऱ्या बाभळीखाली जाऊन बसलं.

“मिशी राहिली का बघ,” हे म्हणाले.

“उजवी आहे,” मी म्हटलं.

ही सगळी कसरत कशासाठी, तर गाडी चाळीसच्या वर जाऊ नये म्हणून. आणि चाळीसच्या वर का जायची नाही, तर तसं माझ्या सासूबाईंनी सांगितलं होतं. सासूबाईंना मी आत्या म्हणायची, आमच्याकडची रीतच तशी. सासरे, म्हणजे अण्णा, वारले त्याला वर्ष होऊन गेलं होतं. त्यांची पांढरी जुनी गाडी ताडपत्रीखाली उभी होती. मी तेव्हा तासगावच्या अलीकडच्या एका शाळेत शिकवायची, दोन एस.टी. बदलून जायची, आणि त्या दोन्ही एस.टी. एकमेकींशी भांडण झाल्यासारख्या कधीच एका वेळेला येत नसत. मी गाडी शिकले. लायसन काढलं. मला ती गाडी हवी होती. उगाच आढेवेढे कशाला घ्या, हवी म्हणजे हवीच होती, रात्री स्वप्नात मी तिला धूत असायची.

पण गाडी आत्यांच्या नावावर. आणि आत्यांच्या बहिणीचा मुलगा सर्जेराव सांगलीहून दर पंधरवड्याला यायचा, ताडपत्री उचलून बघायचा आणि म्हणायचा, “मावशी, जुन्या गाडीला वरातीत काय मागणी आहे म्हणून सांगू! फुलं लावली की नवरदेव राजा दिसतो नुसता.” येताना तो पेढे आणायचा. आत्यांना पेढे फार आवडायचे.

एक दिवस मी सरळ विषयच काढला. “आत्या, गाडी मला द्या.”

आत्या सुपारी कातरत होत्या. कातरता कातरता म्हणाल्या, “तू चालवशील गं. पण कशी चालवशील?”

“नीट चालवीन.”

“नीट म्हणजे? आमच्या ह्यांनी जन्मात कधी चाळीसच्या वर गाडी नेली नाही. मी गाडीत बसायच्या आधीच अट घातली होती. मी मागनं विचारायचे, किती आहे? हे म्हणायचे, चाळीस. कधीबी विचारा, चाळीस. असा माणूस पाहिजे.”

लहानपणी बैलगाडी उधळून आत्या ओढ्यात पडल्या होत्या. तेव्हापासून चाकं असलेल्या कुठल्याही वस्तूवर त्यांचा भरवसा नव्हता, पाळण्यावरसुद्धा.

“सर्जेरावाच्या नव्या घराची वास्तुशांत आहे,” त्या म्हणाल्या. “संध्याकाळच्या जेवणाला मला सांगलीला ने. काटा चाळीसच्या वर गेला नाही, तर गाडी तुझी. गेला, तर गाडी त्याच्या दारात सोडायची आणि आपण एस.टी.नं परत यायचं. त्यालाही तसं सांगून ठेवलंय.”

“कबूल,” मी म्हटलं.

कबूल म्हणून बसले आणि मग लक्षात आलं की काटा दिसतच नाही. डॅशबोर्डाच्या मागे चार बारके बल्ब होते, त्यांतले तीन मेलेले. चौथा जिवंत होता, पण असा की त्यानं आणखी अंधार वाटायचा. वरची काच पिवळी पडलेली. दिवसासुद्धा मान वाकडी करून बघावं लागायचं, मागच्या सीटवरून तर नुसतं काळं भोक दिसायचं. अण्णांनी ते कधी दुरुस्त केलं नाही. कुणी विषय काढलाच तर म्हणायचे, राहू दे, डोळ्यावर येतं.

बाभळीपासून परत येताना हे एकाच मिशीवरून हात फिरवत म्हणाले, “तू काळजी करू नकोस. मी करतो सगळं.”

हे वाक्य ऐकलं की आमच्या घरात मांजरसुद्धा माळ्यावर जायचं.

दुसऱ्याच दिवशी ह्यांनी पोपट वायरमनला आणलं. पोपटनं डॅशबोर्ड उघडला, काच काढून राखेनं घासली आणि म्हणाला, “वहिनी, असले बल्ब आता मिळत नाहीत. मोटारसायकलच्या इंडिकेटरचे बसवतो. झकास पडतो उजेड.”

झकास कसला, गाडीत हॅलोजन लावल्यासारखा पडला. बसवल्या बसवल्या आम्ही तिघांनी डोळ्यांवर हात घेतले. मग मी शाळेच्या स्नेहसंमेलनातला उरलेला हिरवा जिलेटिन पेपर आणला आणि पोपटनं तो बल्बांसमोर लावला. आता उजेड सोसवेल असा झाला, फक्त चालवणाऱ्याचं तोंड हिरवंगार दिसायला लागलं. पोपट माझ्याकडे बघून दोन पावलं मागं सरकला.

तेवढ्यावर थांबतील तर ते हे कसले. आतले आकडे पुसट झाले होते म्हणून तबकडी घेऊन हे नेताजीकडे गेले. नेताजीचं एस.टी. स्टँडसमोर रेडियमचं दुकान. पंचक्रोशीतल्या सगळ्या ट्रॅक्टरांवर वाघ, मोर आणि आईचा आशीर्वाद त्याच्याच हातचा. ह्यांनी त्याला सांगितलं, आकडे मोठे पाहिजेत, ठसठशीत पाहिजेत आणि मराठीत पाहिजेत.

संध्याकाळी तबकडी बसली आणि मी कपाळावर हात मारला. वर मधोमध ‘श्री’. दोन बाजूंना दोन हंस. आकडे पिवळ्याधमक रेडियममध्ये, बोटाएवढे. काटा लालभडक. एकशेवीसच्या पुढं जिथं काही नव्हतं तिथं नेताजीनं मनानं लिहिलं होतं, ‘पुरे’. पेट्रोलच्या काट्याच्या एका टोकाला ‘उपाशी’ आणि दुसऱ्या टोकाला ‘तुडुंब’.

“हे हंस कशाला?” मी विचारलं.

“हंसांचे पैसे घेतले नाहीत त्यानं,” हे अभिमानानं म्हणाले.

मला रडू येत होतं, पण एक खरं, आता काटा दिसत होता. चाळीस दिसत होतं. मी मनात म्हटलं, हंस तर हंस.

वास्तुशांतीच्या दिवशी पाच वाजता निघालो. हे माझ्या शेजारी, आत्या मागं. गाडी लागते म्हणून मागची काच पूर्ण खाली, मांडीवर पानाचा डबा. गाडी फाटकातून बाहेर पडते न पडते तोच मागून आवाज आला.

“अगंबाई! हे तर वाचता येतंय!”

मी आणि ह्यांनी एकमेकांकडे बघितलं. एवढे मोठे आकडे मागच्या सीटवरूनही दिसणार, आणि मराठी चौथी झालेल्या बाईला ते कीर्तनातल्या ओवीसारखे घडाघडा वाचता येणार, हे आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं.

“वीस,” आत्या म्हणाल्या. “पंचवीस. तीस गं. सावकाश. पस्तीस. बास, बास!”

तासगावपर्यंत हेच. काटा चाळीसला टेकला की मागून “हां!” आणि रेघभर पुढं गेला की “अंहं!” मी पाय इतका हळू दाबत होते की पिंढरीला गोळे आले. एका मोपेडवाल्यानं आम्हाला मागं टाकलं, मागं बायको, मांडीवर पोर, पुढं गॅसची टाकी. मग उसाचा ट्रॅक्टर आला. दोन ट्रॉल्या भरलेला, वर टेप लावलेला. तोही पुढं गेला. ड्रायव्हरनं जाताना वाकून आत बघितलं आणि विचारलं, “ढकलू का ताई?”

“तुझ्या बापाला ढकल,” मी म्हटलं.

“काटा बघ, काटा,” आत्या म्हणाल्या.

तासगावात दिवे लागले होते. आता आपल्याला उशीर होणार हे बघून आत्यांनी ह्यांना एसटीडी बूथवर पिटाळलं. सर्जेरावला सांग, जेवायला थांबू नका, सावकाश येतोय. गाडी उभी असताना मी डॅशबोर्डाचा दिवा लावून ठेवला होता. रस्त्याच्या कडेला एक म्हातारा थांबला, माझ्या हिरव्या तोंडाकडे आणि त्या ‘श्री’कडे बघितलं आणि चप्पल काढून हात जोडले. मी काय करणार? मीही जोडले.

तासगाव सोडलं आणि आत्यांनी पान लावून तोंडात टाकलं. कवठे एकंद मागं पडलं. काटा चाळीसवर कसा, तर खिळा ठोकल्यासारखा. मी खूश होते. थोडंच राहिलं होतं. मनात मी गाडीला सीटकव्हर घालत होते.

“थांब,” आत्या म्हणाल्या.

“काय झालं? चाळीसच आहे की.”

“पान संपलं.”

“मग दुसरं लावा.”

“तसं नव्हे. बुधगाव कुठाय?”

“अजून लांब आहे, आत्या. आत्ता तर कवठे गेलं.”

“हे असतानाचं सांगते, तासगावात पान तोंडात टाकलं की बुधगावात संपायचं. दर खेपेला. पिंक टाकायची जागासुद्धा ठरलेली होती माझी.” आत्या पुढं सरकल्या, त्यांची हनुवटी माझ्या खांद्याशी आली. “आणि माझा पदर डोक्यावर ठरायचा नाही. एका हातानं धरून बसायला लागायचा. आज बघ, जागचा हलला नाही. हे चाळीस न्हवंच.”

“आत्या, समोर लिहिलंय चाळीस.”

“लिहिलंय कुणी? नेताजीनं. तूच त्याला सांगून आकडे हलवलेस. वीसच्या जागी चाळीस चिकटवलंस, म्हणजे म्हातारी फसंल!”

माझं डोकं सणकलं. दोन तास मी पिंढऱ्या मोडून घेतल्या, ट्रॅक्टरवाल्याकडून बोलणी खाल्ली, आणि वर हे? “मी तुम्हाला फसवीन? मी? मला फसवायचंच असतं तर दिवे लावले असते का हो?”

“मग हे चाळीस एवढं मरतुकडं कसं?”

“मला काय माहीत! तुमच्या लेकाला विचारा, त्यानंच नेलं होतं.”

हे खिडकीतून बाहेर बघत होते. बाहेर काळोख होता, बघण्यासारखं काही नव्हतं.

“संपा,” आत्या म्हणाल्या, “आकडे कुणी हलवले?”

“कुणी नाही गं आई. नेताजीनं जुन्या आकड्यांवरच नवे चिकटवलेत. मी समोर उभा होतो.”

आत्यांनी डोक्यावरचा पदर चाचपून बघितला. मग म्हणाल्या, “वैजंता, वाढव.”

“नाही.”

“मी सांगते ना, वाढव.”

“अजिबात नाही. चाळीसच्या वर गेली की तुम्ही गाडी सर्जेरावला देणार.”

“माझा पदर उडंपर्यंत वाढव. ह्यांचं चाळीस कसं असतंय ते मला अंगानं ठाऊक आहे. तिथं आल्यावर सांगते.”

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे अजून काळोखच बघत होते. मी पाय दाबला. पन्नास. “पदर?” “जागेवर.” साठ. गाडीला जाग आली. मी तिला इतकी कधी पळवली नव्हती, इंजिनाचा आवाज भरून आला, खिडक्या थरथरल्या. “पदर?” “कानाजवळ फडफडतोय. अजून.” सत्तर. मघाचा ट्रॅक्टर दिसला आणि मागं गेला, त्यावरचं गाणं एक ओळ ऐकू आलं. पंचाहत्तर. “आत्या?” “अजून गं!” ऐंशी. माझे हात घामानं भिजले होते आणि खरं सांगते, मला हसू फुटत होतं. काटा ऐंशीच्या पुढं सरकला आणि मागं फाडकन आवाज झाला. पदर डोक्यावरून उडून खांद्यामागं गेला, अंबाडा सुटला.

“हां!” आत्या ओरडल्या. “हेच! हेच ह्यांचं चाळीस!”

मग त्यांनी तबकडीकडे बघितलं. लाल काटा, दोन हंस, पिवळाधमक आकडा.

“पंच्याऐंशी,” त्या म्हणाल्या.

मी पाय काढून घेतला.

“संपा. तू पुढं बसायचास. तुला दिसत होतं.”

“थोडं थोडं दिसायचं,” हे म्हणाले.

“मग बोलला का नाहीस?”

“अण्णा श्रीखंडाच्या गोळ्या द्यायचे.”

ह्यांचं वय तेव्हा बेचाळीस होतं, पण आवाज पोराचा झाला होता. “तू मागनं विचारायचीस, किती आहे? अण्णा म्हणायचे चाळीस. आणि मला डोळा मारायचे. उतरल्यावर गोळी.”

“शाबास!” आत्या कडाडल्या. “बापलेक मिळून! तीस वर्षं! मी देवाला नारळ बोलायचे, असा सावकाश माणूस दिलास म्हणून. अख्ख्या भावकीत सांगत सुटले. आणि हा माणूस मला विमानानं नेत होता! मेला असता म्हणजे?”

“मेलेच की ते,” हे हळूच म्हणाले.

“खाटेवर मेले! ते वेगळं!” आत्यांनी पानाचा डबा फाडकन मिटला. “ही गाडीच खोटी. नकोच मला डोळ्यांसमोर. देऊन टाकते सर्जेरावला. फुलं लावू दे नाहीतर काटे लावू दे.”

गाडी हातची गेली. पंच्याऐंशीवर मीच नेली होती. पुढचा सगळा रस्ता मी कितीनं चालवली ते माझं मलाही कळलं नाही. मागून कुणी आकडा सांगत नव्हतं. एकदा आरशात बघितलं तर आत्या उघड्या डोक्यानं खिडकीबाहेर तोंड करून बसल्या होत्या आणि सुटलेले पांढरे केस उडत होते. काच वर करू का विचारलं, तर नको म्हणाल्या.

विश्रामबागेत सर्जेरावच्या दारात मांडव होता. गाडी थांबल्या थांबल्या आत्यांनी मागून हात पुढं केला. मी किल्ली काढून त्यांच्या हातावर ठेवली. माझे डोळे भरून आले होते, तोंड हिरवं असल्यामुळे ते कुणाला दिसलं नाही, तेवढं बरं.

सर्जेराव हार घेऊनच उभा होता. हार आमच्यापैकी कुणासाठी नव्हता, गाडीसाठी होता.

“या मावशी! पण हे कसं? तासगावातनं संपतचा फोन आला, उशीर होतोय, सावकाश येतोय. आणि आलात की! वाढपी अजून पत्रावळ्या पुसतायत.” त्यानं वाकून आत बघितलं, हंस बघितले, मग आत्यांचे केस बघितले आणि त्याचा चेहरा खुलला. “मावशी, खरं सांग हं. किती वर गेली?”

हे मांडवाचा खांब न्याहाळत होते.

आत्या सावकाश उतरल्या. पदर डोक्यावर घेतला, नीट खोचला.

“चाळीस,” त्या म्हणाल्या.

“अगं पण एवढ्या लवकर...”

“रस्ता मोकळा होता.”

“आणि हे केस?”

“म्हातारी झाले बाबा. अंबाडा ठरत नाही आता. चाळीसच्या वर काटा गेला नाही, माझ्या डोळ्यांनी बघत आले. एवढे मोठे आकडे आहेत, खोटं कशाला बोलू?”

“मग हा हार?”

“संपाला घाल. त्याचा आज मान आहे.”

सर्जेरावनं खरंच हार ह्यांच्या गळ्यात घातला. अर्ध्या मिशीचा माणूस हार घालून मांडवात शिरला, तिथं पाव्हण्यांनी त्यालाच घरमालक समजून पाकिटं द्यायला सुरुवात केली आणि सर्जेराव ती गोळा करत त्याच्यामागं धावला.

पायरीवर आत्यांनी माझं मनगट धरलं. पकड घट्ट होती. मला वाटलं राग आहे, बघते तर त्या हसत होत्या. आवाज न करता, पोट धरून, पदर तोंडात कोंबून.

“असंच म्हणायचे बघ हे,” त्या म्हणाल्या. “पापणीसुद्धा हलायची न्हाई. चाळीस!”

हसता हसता त्या रडायला लागल्या. तिथंच पायरीवर बसल्या. मीही बसले.

“एकदा तरी खरं सांगायचं की गं,” त्या म्हणाल्या. “मी काय गाडीतनं उतरून गेले असते?”

“उतरला असता, आत्या.”

त्यांनी नाक पुसलं आणि जरा विचार केला.

“व्हय,” त्या म्हणाल्या. “उतरले असते.”

आतून पंगतीला बोलावणं आलं. आत्या माझ्या खांद्याला धरून उठल्या.

“जाताना पुढं मी बसणार,” त्या म्हणाल्या, आणि किल्ली माझ्या हातात दिली.